उतारवयातली भक्ती : भीती की नवी नेमणूक?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चिटणिसांनी मला विषय दिला तो असा : चारचौघांसारखी माणसं, ज्यांनी आयुष्यभर देवापुढे फार तर गणपतीत आणि दिवाळीत हात जोडले, ती उतारवयात एकाएकी इतकी धार्मिक का होतात? वेळ दिली आहे आरतीनंतरची आणि प्रसादाच्या आधीची. म्हणजे श्रोते उठून जाणार नाहीत याची व्यवस्था त्यांनी करून ठेवली आहे.

या प्रश्नाला आपल्या भाषेत एक तयार उत्तर आहे. ‘करून करून भागला आणि देवपूजेला लागला.’ आपले हिंदीभाषक शेजारी याच कामासाठी मांजराला हजला पाठवतात. म्हण मजेशीर आहे, पण तिच्यात एक आरोप दडलेला आहे : या माणसानं तरुणपणी नको ते केलं, आता हिशेबाची वेळ जवळ आली म्हणून घाबरला. काही जणांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण आपल्या घरांतली माणसं आठवून पाहा. पस्तीस वर्षं रेल्वेत, एजी ऑफिसात, बँकेत, शाळेत इमानानं नोकरी केलेले काका. चार मुलांची बाळंतपणं, सासूसासऱ्यांची आजारपणं आणि महिनाअखेरीची ओढाताण यांतून वर आलेल्या मावशी. यांनी असं काय ‘करून’ ठेवलं होतं की ज्याची भीती वाटावी? म्हण इथं अपुरी पडते. दुसरं कारण शोधायला हवं.

आधी भीतीचाच मुद्दा घेऊ. मरणाचा विचार वय वाढल्यावर येतो, यात शंका नाही. आईवडील दोघेही गेले की माणसाला एक दिवस लक्षात येतं, की आता रांगेत आपण पुढे आलो. पण विचार येणं वेगळं आणि भिणं वेगळं. याच शहरात १९४१ साली देह ठेवलेले आपले राजकवी भा. रा. तांबे यांनी मृत्यूकडे सासरी निघालेल्या नववधूच्या नजरेनं पाहिलं. बावरलेपण आहे, पण ओढही आहे. आपल्या वडीलधाऱ्यांशी निवांत बोललं तर बहुतेकांच्या तोंडून हेच ऐकू येतं की मरणाचं काही वाटत नाही, अंथरुणाला खिळून दुसऱ्यावर ओझं होण्याचं वाटतं. अशा माणसाला पहाटे उठवून देवघरात नेणारी गोष्ट मरणाच्या भीतीपेक्षा निराळी असली पाहिजे.

मला चार गोष्टी दिसतात.

पहिली, काम जाणं. साठाव्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या तारखेला, हार, शाल आणि श्रीफळ देऊन माणसाला घरी पोहोचवतात. काल सायंकाळपर्यंत ज्याच्या सहीशिवाय कागद हलत नव्हता, त्याला आज सकाळी कोणी विचारत नाही. बायकांच्या वाट्याला हेच येतं, फक्त त्यांना शाल मिळत नाही. स्वयंपाकघराचा ताबा हळूहळू सुनेकडे जातो, आणि तोही बहुधा ‘आई, तुम्ही आता बसा’ अशा प्रेमळ शब्दांत. हे बसणंच जड जातं. अशा वेळी देवपूजा काय देते ते पाहा. उठायची वेळ देते. अंघोळीची घाई देते. फुलं आणायची आहेत, वस्त्रं धुवायची आहेत, गुरुवार आहे, चतुर्थी आहे, पंचांग पाहायचं आहे. समर्थांचा दासबोध घ्या. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे दोनशे समास. रोज एक वाचला तरी सहा महिन्यांहून अधिक काळ उद्याचं काम ठरलेलं राहतं. ज्याला उद्या काय करायचं हा प्रश्न पडला आहे, त्याला हे लहान वाटत नाही.

दुसरी गोष्ट, वेळ मोजका उरल्याची जाणीव. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की पुढे भरपूर वेळ आहे असं वाटतं तेव्हा माणूस नवी माहिती, नव्या ओळखी, नव्या संधी यांच्यामागे धावतो. वेळ मोजका आहे असं जाणवलं की तो निवड करू लागतो. ओळखी कमी होतात, पण ज्या राहतात त्या जवळच्या. ज्यात मन भरतं तेवढंच हातात धरतो. आपण बाहेरून पाहतो आणि म्हणतो, ‘आप्पांना आता कशातच रस राहिला नाही, सदान्‌कदा जपमाळ.’ खरं तर आप्पांनी पसारा आवरला आहे आणि ज्यात रस आहे ते ठेवलं आहे.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या पुस्तकात माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. शेवटच्या टप्प्याचं काम त्यांनी असं सांगितलं, की मागं वळून पाहावं आणि आपलं आयुष्य जसं झालं तसं आपलं म्हणून स्वीकारता यावं. ते जमलं नाही तर निराशा येते. पण हा ताळेबंद मांडताना एक अडचण येते. ज्या भावाशी वाटणीवरून अबोला धरला, तो गेला. ज्या आईचं शेवटच्या आजारात करायला सुट्टी मिळाली नाही, ती गेली. ज्या बायकोला कधी दोन शब्द बरे बोललो नाही, तिच्या फोटोला आता हार आहे. माफी मागायची आहे आणि मागायला समोर कोणी नाही. मग ती कोणापाशी मागायची? उतारवयातल्या पुष्कळ प्रार्थनांचा पत्ता देवाचा असला तरी आतलं पत्र दुसऱ्याच कोणाच्या नावचं असतं, असं मला वाटतं. म्हणून देवासमोर बसून डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ‘काय झालं?’ असं लगेच विचारू नये. थोडा वेळ बसू द्यावं.

चौथी गोष्ट मात्र खास आपली आहे, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्यांची. दौलतराव शिंद्यांची छावणी इथं पडली आणि तिचं लष्कर नावाचं शहर झालं, त्याला आता दोनशे वर्षं उलटून गेली. एवढ्या काळात आपण आपली भाषा जपली, आणि ती आता कुठं कुठं उरली आहे ते प्रामाणिकपणे मोजू या. बाजारात हिंदी. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी. सून किंवा जावई दुसऱ्या भाषेतले असतील तर जेवणाच्या टेबलावर हिंदी. नातवंडं ‘आजी, पानी दो’ म्हणतात. ‘आजी’ तेवढं मराठी. मग ज्या आजीचं सगळं बालपण मराठीत गेलं, तिची भाषा दिवसातून कधी लागते? देवघरात लागते. आरती, हरिपाठ, पोथी आणि व्रताची कहाणी मराठीत आहे. लहानपणी वडिलांनी तिन्हीसांजेला म्हणून घेतलेली रामरक्षा संस्कृतात असली तरी ज्या आवाजात ती पाठ झाली तो आवाज मराठी आहे. लहानपणी पाठ केलेलं फार काळ टिकतं. विस्मरणाच्या आजारात माणसांची नावं जातात, तरी स्तोत्र अनेकदा ओठांवर राहतं. तेव्हा आपल्याकडची आजी देवघरात दोन तास बसते, तेव्हा ती देवाकडे गेलेली असते आणि माहेरीही गेलेली असते.

ही चारही कारणं एका ओळीत आणली तर काय दिसतं? माणसाला कोणीतरी काम सांगावं, कोणीतरी आपल्या भाषेत बोलावं, कोणीतरी ऐकावं, आणि आपण अजून लागतो असं वाटावं. घरानं हे देणं थांबवलं की माणूस ते देवाकडे मागतो. म्हणून मी याला भीती म्हणत नाही, नवी नेमणूक म्हणतो. आपल्या पूर्वजांना हे कळलं होतं. केस पिकले, कातडी सुरकुतली आणि नातवंडाचं तोंड पाहिलं की गृहस्थानं वनाची वाट धरावी, असं मनुस्मृतीत सांगितलं आहे. त्या ग्रंथातलं सगळंच आज कोणी मानणार नाही. पण एवढं लक्षात घ्या, की वानप्रस्थ हा आश्रम होता. त्याला नाव होतं, नियम होते, दिनक्रम होता. नोकरीच्या भाषेत सांगायचं तर म्हाताऱ्या माणसाची बदली होत असे. आज आपण नुसतं कार्यमुक्त करतो आणि पुढचा आदेश काढत नाही.

आता या नेमणुकीतून काय घडू शकतं, याचं एक उदाहरण सांगतो. ते आपल्याच शहराशी जोडलेलं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे हैबतराव पवार हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. परंपरा अशी सांगते, की नोकरीतून गावाकडे परतताना सातपुड्यात त्यांना भिल्लांनी अडवलं आणि गुहेत कोंडून ठेवलं. सुटकेची आशा नव्हती. ते हरिपाठ म्हणत राहिले. एकविसाव्या दिवशी त्यांची सुटका झाली. पण मग ते घराकडे न जाता आळंदीला गेले आणि ज्ञानेश्वर माउलींचे होऊन राहिले. गोष्ट इथं संपली असती, तर एका सरदाराला उपरती झाली एवढंच आपण म्हटलं असतं.

पण हैबतबाबांनी पुढे काय केलं? देहूच्या नारायणमहाराजांनी, म्हणजे तुकोबांच्या चिरंजीवांनी, १६८५ साली पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी माउलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. आणि तो कसा उभा केला, तर फौजेत मुरलेल्या माणसानं करावा तसा. कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, कोणाचा क्रमांक कितवा, मुक्काम कुठं, हे सगळं बांधलेलं. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदारानं दंड उंचावला की हजारोंचा टाळमृदंग क्षणात थांबतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते आणि कोणत्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती ऐकली जाते. भक्तीच्या मेळ्यात तक्रारीलाही जागा ठेवली आहे! घोडे, तंबू आणि नैवेद्य यांसाठी साहाय्य मिळालं ते अंकलीच्या शितोळे सरकारांचं. अंकली आज बेळगाव जिल्ह्यात आहे आणि माउलींच्या सोहळ्यातले घोडे आजही तिथूनच येतात. ग्वाल्हेरची चाकरी, साताऱ्याचा माणूस, बेळगावकडचे घोडे आणि आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. सीमा आपण आत्ता आखल्या, माणसं आधीपासून जोडलेली होती.

हैबतबाबांच्या नावाची पायरी आळंदीच्या महाद्वारात आहे आणि कार्तिकातल्या समाधी सोहळ्याची सुरुवात तिच्या पूजनानं होते. मला या कथेत महत्त्वाचं वाटतं ते असं. त्यांनी आपलं जुनं कसब टाकून दिलं नाही. छावणीत शिकलेली शिस्त त्यांनी वारीला दिली. देवाकडे जाताना त्यांनी हजारोंसाठी रस्ता रुंद केला.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण त्यात आपल्याला इशारा आहे. रशियाचे टॉलस्टॉय. ‘वॉर अँड पीस’ आणि ‘अ‍ॅना कॅरेनिना’ लिहून झालेल्या, कीर्ती, जमीनजुमला, भरलं घर, सगळं असलेल्या या माणसाला पन्नाशीच्या सुमारास प्रश्न पडला, की हे सगळं कशासाठी? त्याला उत्तर सापडलं ते साध्या शेतकऱ्यांच्या श्रद्धेत. त्यातून त्यानं जे लिहिलं त्याचा प्रभाव पुढे गांधीजींवरही पडला. पण घरात काय झालं? मालमत्ता आणि पुस्तकांचे हक्क सोडून द्यावेत असं त्याच्या मनात; तेरा बाळंतपणं सोसलेली, त्याची हस्तलिखितं पुन्हा पुन्हा उतरवून काढणारी पत्नी सोफिया मुलाबाळांच्या भवितव्याची चिंता करणारी. वर्षानुवर्षं भांडणं चालली. अखेर १९१० साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तो रात्री घर सोडून निघाला आणि अस्तापोवो नावाच्या एका रेल्वे स्टेशनात, स्टेशनमास्तरच्या घरी वारला. अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलेल्या सोफियाला त्याची शुद्ध हरपेपर्यंत आत जाऊ दिलं गेलं नाही. जगावर प्रेम करायला निघालेल्या माणसाचं घराशी जमलं नाही. दोष कोणाचा हे ठरवणारे आपण कोण? पण श्रद्धा कितीही खरी असली तरी तिची किंमत घरातल्या दुसऱ्याच माणसाला मोजावी लागू शकते, एवढं यातून दिसतं.

म्हणून भक्ती वाढली म्हणजे चांगलं की वाईट, या प्रश्नात मी पडत नाही. मी एकच माप लावतो. या भक्तीनं माणूस घराला हलका झाला की जड?

माझ्या माहितीतले एक गृहस्थ आहेत. निवृत्तीनंतर साडेचारला घंटा, शंख, मोठ्यानं पाठ. सून नोकरीला जाणारी, नातू बोर्डाच्या परीक्षेला. घरात धुसफुस वाढली. ‘माझ्या घरात देवाचं नाव घ्यायची चोरी!’ हे एका बाजूनं, आणि ‘यांना फक्त आपला अधिकार दाखवायचा आहे’ हे दुसऱ्या बाजूनं. दोन्हींत थोडं थोडं तथ्य होतं. शेवटी सुनेनंच मार्ग काढला. ती म्हणाली, ‘बाबा, पाठ साडेचारला मनात करा, पण आरती सहाला करा. आम्ही सगळे येतो.’ त्या घरात आता सहाची आरती होते. पाच मिनिटांची. घंटा नातू वाजवतो. त्या गृहस्थांना देवापुढे उभं राहायला माणसं हवी होती, एवढंच.

दुसऱ्या एक काकू आहेत. यजमान गेले, मुलगा बंगळुरात. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या पोथीच्या मंडळात जाऊ लागल्या. सोवळं वाढलं, उपास वाढले. मधुमेह असून निर्जळी एकादशी सुरू झाली. मुलगा फोनवर रागवायचा, त्या फोन ठेवून द्यायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, तेही ऐकलं नाही. ऐकलं ते मंडळातल्या एका वयस्क बाईंचं. त्या म्हणाल्या, ‘अगं, चक्कर येऊन पडलीस तर पोथी कोण वाचेल?’ आज त्या काकू रोज दुपारी दृष्टी गेलेल्या एका मैत्रिणीला फोनवरून एक समास वाचून दाखवतात. एकादशीला फराळ करतात, गोळीही घेतात. त्यांचा उपास कमी झाला तो कोणाला तरी त्या हव्या आहेत हे कळल्यावर.

याची दुसरी बाजूही बोलायला हवी. जी पोकळी घर भरत नाही ती भरायला बाहेर पुष्कळ लोक टपलेले आहेत. एकट्या राहणाऱ्या पेन्शनराला रोज फोन करून ‘आई, जेवलात का?’ विचारणारा एखादा महाराजांचा शिष्य असतो, आणि सहा महिन्यांनी मुदत ठेवीच्या पावतीची गोष्ट निघते. त्या वेळी मुलं धावत येतात आणि म्हणतात, ‘आई, तू फसलीस कशी?’ पण जेवलीस का, हे त्या सहा महिन्यांत किती वेळा विचारलं होतं? तेव्हा धोक्याच्या खुणा ओळखा. जो गुरू गुप्तता पाळायला सांगतो, घरच्यांपासून तोडतो, औषध बंद करायला लावतो किंवा सही मागतो, तो कोणत्याही पंथाचा असो, तिथं थांबावं. आणि बदल काही आठवड्यांत झाला असेल, झोप उडाली असेल, पैसे उधळले जात असतील, आवाज ऐकू येत असतील, रोजच्या गोष्टींचा विसर पडत असेल, तर तो भक्तीचा विषय समजू नका. डॉक्टरांकडे जा. मेंदूच्या आणि मनाच्या काही आजारांची सुरुवात अशीही होते, आणि वेळेवर उपचार झाले तर फरक पडतो.

आता शेवटी तीन विनंत्या करतो.

तरुण मंडळींना. देव मानायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण आईवडिलांच्या भक्तीची टिंगल करू नका आणि तिच्यावर वाद घालू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘हे स्तोत्र तुला कोणी शिकवलं?’ उत्तरात तुम्हाला खापरपणजोबांपर्यंतचा इतिहास मिळेल आणि तोही मराठीत.

वडीलधाऱ्यांना. देवाला वेळ देताना आपलं आयुष्यभराचं कसब देवघराबाहेर ठेवू नका. तुम्ही हिशेब ठेवले असतील तर मंडळाचे हिशेब पाहा. शिकवलं असेल तर शिकवा. आणि घरातल्या कोणाची झोप, कोणाचं स्वयंपाकघर, कोणाचा पैसा आपल्या पुण्यात परस्पर खर्ची पडत नाही ना, एवढं पाहा.

आणि आपल्या मंडळाला. आपण दहा दिवस मांडव घालतो, तेव्हा हीच माणसं सकाळपासून इथं असतात. हार ओवतात, दूर्वा निवडतात, मोदक वळतात, पोरांवर ओरडतात आणि घरी जाताना दमलेली पण ताजी दिसतात. अकराव्या दिवशी आपण मांडव सोडतो आणि त्यांनाही मोकळं करतो. ते करू नका. वर्षभर, आठवड्यातून एक दिवस, एक तास ठेवा. ज्येष्ठांनी मुलांना अथर्वशीर्ष आणि आरत्या शिकवाव्यात, अर्थासह, मराठीतून. मुलांनी ज्येष्ठांना फोन चालवायला आणि बँकेच्या नावानं येणारे खोटे फोन ओळखायला शिकवावं. ज्यांना चालवत नाही त्यांना आणायला कोणाची तरी स्कूटर ठरवावी. खर्च चहाचा. चिटणिसांनी हा ठराव पुढच्या बैठकीत घ्यावा, आणि त्या वर्गाच्या पहिल्या हजेरीपत्रकात शिकवणाऱ्यांच्या यादीत किमान दहा नावं सत्तरीपुढची असावीत.

प्रसाद तयार झाल्याचा इशारा मागून येतो आहे. तुमचा आणखी वेळ घेत नाही. 

गणपती बाप्पा मोरया!